क्रेडिट नदीतले मासे नक्की कुणाचे?

पाणचक्की | २८ सप्टेंबर, रात्री ९:४०

गेली सहा वर्षे आम्ही कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरातल्या स्ट्रीट्सव्हिल या जुन्या गावठाणात राहतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर क्रेडिट नदी आहे आणि गिरणीजवळ तिच्यावर एक काँक्रीटचा बंधारा आहे. आजवर तिथे मी फक्त फिरायला जात असे. काल संध्याकाळी मात्र दोन दिवसांच्या पावसानंतर पाणी चहाच्या रंगाचे झाले होते आणि बंधाऱ्याखाली हाताएवढे लांब मासे एकामागून एक उड्या मारत होते. काहींच्या शेपट्या झिजून पांढऱ्या पडलेल्या होत्या. मासा भिंतीवर आपटला की ओले गोणपाट फरशीवर आपटल्यासारखा आवाज येई, तो परत खाली पडे आणि दोन मिनिटांत तिथेच पुन्हा उडी घेई. अर्ध्या तासात मी एकतीस उड्या मोजल्या.

शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी कौतुकाने म्हटले की निसर्ग काय अजब आहे. तो शांतपणे म्हणाला, "यातला एकही मासा मुळातला इथला नाही." तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. हे मासे कोणते आणि उडी मारून जातात कुठे? ते बाहेरचे असतील तर बंधाऱ्याच्या कडेला त्यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट कशाला बांधली आहे? आणि हा बंधाराच काढून टाकला तर सगळ्यांचेच भले होणार नाही का?

---

गळटाक्या | २८ सप्टेंबर, रात्री १०:२५

म्हातारबुवांचे म्हणणे खरे आहे. तुम्ही पाहिलेले मासे बहुधा चिनूक सामन होते, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या बाजूचे. पुढच्या वेळी एखादा मेलेला मासा काठावर दिसला तर त्याचे तोंड उघडून पाहा. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही भागांवर ठिपके असतात. कोहो या त्याच्या पॅसिफिकच्या भावंडाच्या हिरड्या फिकट असतात आणि ठिपके फक्त शेपटीच्या वरच्या भागावर असतात.

ते जातात अंडी घालायला. तीन-चार वर्षे ऑन्टारिओ सरोवरात खाऊन-पिऊन आठ-दहा किलोचे झालेले हे मासे सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदीत शिरतात. नदीत शिरल्यावर ते खाणे सोडतात आणि साठवलेल्या चरबीवर प्रवास करतात. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, नर त्यांवर रेत सोडतो, आणि दोन-तीन आठवड्यांत दोघेही मरतात. पांढऱ्या पडलेल्या शेपट्या ही त्या खोदकामाची आणि मार खाल्ल्याची खूण. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे गेलात तर नाकाला रुमाल लावून जा.

---

खडीसाखर | २८ सप्टेंबर, रात्री १०:३१

थोडक्यात, हेही आपल्यासारखेच पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन आलेले दिसतात.

---

गळटाक्या | २८ सप्टेंबर, रात्री १०:३८

@खडीसाखर, फरक एवढाच की यांना सरकारने स्वतःच्या खर्चाने आणले आणि वर ट्रकमधून घरपोच सोडले.

---

भूस्तर | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

माशांकडे वळण्याआधी नदीची घडण सांगतो, कारण कोणता मासा कुठे राहतो हे शेवटी खडक आणि पाण्याचे तापमान ठरवतात.

क्रेडिट ही छोटी नदी आहे. मुख्य प्रवाहाची लांबी सुमारे ९० किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्र जेमतेम १,००० चौरस किलोमीटर. ती ऑरेंजव्हिलच्या परिसरात समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर उगम पावते आणि पोर्ट क्रेडिट येथे ऑन्टारिओ सरोवराला मिळते, ज्याची पातळी सुमारे ७५ मीटर आहे. हा उतार तीन वेगवेगळ्या टप्प्यांत येतो आणि त्यामुळे या नदीची स्वभावाने तीन रूपे झाली आहेत.

वरचा टप्पा हिमोढांचा आहे. हिमनद्या वितळताना त्यांनी मागे टाकलेल्या वाळू-खडीच्या या टेकड्या पाऊस आणि बर्फाचे पाणी स्पंजासारखे शोषतात आणि ते वर्षभर झऱ्यांवाटे सोडतात. जमिनीखालून येणारे हे पाणी उन्हाळ्यातही थंड असते. मधला टप्पा नायगारा कड्याचा. वर कठीण डोलोमाइटी चुनखडक आणि खाली शेल हा चिखलाच्या थरांचा मऊ खडक, अशी इथली रचना आहे. कॅटरॅक्ट येथे नदी धबधब्याने खाली उतरते, बेलफाउंटनकडून वेस्ट क्रेडिट ही शाखा येते आणि फोर्क्स ऑफ द क्रेडिट या नावाप्रमाणे दोन्ही शाखा तिथे एकत्र येतात. याच भागात वालुकाश्माच्या खाणी होत्या. टोरोंटोमध्ये १८९३ साली सुरू झालेल्या प्रांतिक विधिमंडळाच्या इमारतीचा तांबूस दगड क्रेडिटच्या खोऱ्यातला आहे. चेल्टनहॅमची लाल, भेगाळलेली माती पाहायला आपले बरेच जण शरद ऋतूत जातात, तीही याच कड्याच्या पायथ्याची क्वीन्स्टन शेल आहे.

तिसरा टप्पा चिकणमातीच्या सपाट जमिनीचा आणि राखाडी शेलचा. स्ट्रीट्सव्हिल आणि एरिनडेल इथे नदीच्या पात्रात पाटीसारखे चपटे थर दिसतात, ते हेच. चिकणमातीत पाणी मुरत नाही. त्यामुळे पाऊस पडला की नदी चढते, चहाच्या रंगाची होते आणि दोन दिवसांत उतरते. पाणचक्की यांनी पाहिलेला रंग याच मातीचा.

सांगायचे एवढेच की वरच्या टप्प्यातला मासा आणि खालच्या टप्प्यातला मासा एकाच नदीत राहत असले तरी त्यांचे शेजार कधी नव्हते.

---

मुळाकाठ | २९ सप्टेंबर, दुपारी १:०५

भूस्तर यांचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. एक मासा असा होता की ज्याच्यासाठी सरोवरापासून वरच्या ओढ्यांपर्यंत ही एकच नदी होती. तो म्हणजे अटलांटिक सामन, आणि मुळातला इथला मासा कोणता याचे उत्तर तिथूनच सुरू होते.

नदीच्या नावातच व्यवहार आहे. अठराव्या शतकात फ्रेंच व्यापारी इथे नदीमुखाशी मिसिसागा या इथल्या मूळनिवासी लोकांना उधारीवर माल देत आणि पुढच्या हंगामात त्या बदल्यात कातडी घेत. त्या उधारीवरून ही क्रेडिट. मिसिसागा लोक कराराच्या वेळी जमिनीबाबत काय बोलले यापेक्षा नदीबाबत काय बोलले हे पाहण्यासारखे आहे. १८०५ च्या बोलणीत त्यांनी सरोवरकाठची जमीन सोडली, पण क्रेडिटच्या मुखाशी मासेमारीचा हक्क आणि नदीच्या दोन्ही काठांलगतची एकेक मैलाची पट्टी राखून ठेवली. मासा हेच त्यांचे धान्याचे कोठार होते. १८२६ मध्ये नदीकाठी त्यांचे मिशन गाव वसले. पण तोवर १८२० च्या करारांनी त्या पट्टीचा बहुतांश भाग गेला होता, वरच्या अंगाला गिरण्या उभ्या राहत होत्या आणि १८४७ साली ही माणसे ग्रँड नदीच्या बाजूला हेगर्सव्हिलजवळ निघून गेली. ती आजही स्वतःला मिसिसागाज ऑफ द क्रेडिट म्हणवतात. नदी सुटली, पण नावातून त्यांनी ती सोडली नाही.

ते गेल्यावर पन्नास वर्षांत मासाही संपला. टिमोथी स्ट्रीट यांच्या नावावरून ओळखले जाणारे स्ट्रीट्सव्हिल, नॉर्व्हल, मेडोव्हेल, ग्लेन विल्यम्स, चेल्टनहॅम, ही सगळी पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांभोवती वाढलेली गावे. प्रत्येक गिरणीला बंधारा हवा, आणि प्रत्येक बंधारा म्हणजे माशाच्या वाटेत बंद झालेले एक दार. जंगल तुटल्यामुळे ओढे तापले, लाकूड कापण्याच्या गिरण्यांचा भुसा खडीत बसला आणि उरलेसुरले मासे लोकांनी रात्री मशाली लावून भाल्यांनी मारले. १८९६-९८ च्या सुमारास ऑन्टारिओ सरोवरातला अटलांटिक सामन पूर्ण नाहीसा झाला. सॅम्युअल विल्मट यांनी १८६० च्या दशकात न्यूकॅसलजवळ आपल्या ओढ्यावर अंडी उबवण्याचे केंद्र काढले होते. तरीही तो वाचला नाही.

म्हणून पाणचक्की यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. बंधाऱ्याने जे केले ते बंधारा काढूनच फिटेल.

---

वलगण | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

हा धागा वाचून मला थेट पेणजवळचे आमचे शेत आठवले. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की खाडीतले आणि नदीतले मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात. रात्री कंदील घेऊन बांधावर बसायचे आणि पाण्याला उलटे जाणारे मासे टोपलीखाली धरायचे. तेही असेच, पाऊस पडला की निघणार, पोटात गाबोळी घेऊन, आणि वर चढण्यापलीकडे त्यांना दुसरे काही सुचत नाही. फरक इतकाच की आमचे मासे वीतभर आणि हे हातभर.

एक व्यावहारिक प्रश्न. या सामनची गाबोळी मिळते का? तळलेल्या गाबोळीला मी चौदा वर्षे मुकलो आहे.

---

सुगरण_ब्रॅम्प्टन | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

@वलगण, अनुभवाने सांगते. बंधाऱ्यापर्यंत पोहोचलेला चिनूक आणू नका. नदीत शिरल्यावर तो काही खात नाही, चरबी जळते आणि मांस फिके, मऊ होते. मी एकदा त्याचे कालवण केले होते. आमसूल, तिरफळ, सगळे वापरले, तरी वाटीत ओला कागद पडल्यासारखे लागत होते. सरोवरात उन्हाळ्यात पकडलेला चकचकीत रुपेरी मासा वेगळा. त्यालाही मोठ्या आकारात पारा आणि पीसीबी ही विषारी रसायने यांमुळे महिन्याला किती वेळा खावे याची मर्यादा असते. प्रांतिक सरकार प्रत्येक जलाशयासाठी आणि माशाच्या लांबीनुसार ती प्रसिद्ध करते. गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी आकडे वेगळे आहेत, ते जरूर पाहावेत.

---

गळटाक्या | २९ सप्टेंबर, रात्री ९:१०

गाबोळीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अंडी काढून मासा फेकून देणे हा ऑन्टारिओत गुन्हा आहे, कारण खाण्याजोगे मांस वाया घालवता येत नाही. तसेच गळ माशाच्या तोंडातच लागला पाहिजे. पाठीत किंवा पोटात अडकलेला मासा सोडून द्यावा लागतो. बंधाऱ्याखाली गर्दी असते तेव्हा मुद्दाम गळ ओढून मासे अडकवणारे महाभाग दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये.

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मला वाटले होते की परवाना फक्त होडीतून मासेमारी करणाऱ्याला लागतो. काठावर उभा राहून मोठ्या ऐटीत गळ टाकला, मागून एक अधिकारी बाई आल्या, अत्यंत गोड आवाजात त्यांनी हवामानाची चौकशी केली आणि मग दंडाची पावती दिली. त्या पावतीच्या पैशांत कॉस्टकोचा सामन महिनाभर आला असता.

---

आजोबा७४ | ३० सप्टेंबर, पहाटे ५:३०

आमचे वय पासष्टच्या वर असल्याने आम्हाला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते. या देशाने म्हातारपणाला दिलेली एवढी एकच सवलत मी पूर्ण वापरतो. मासा मात्र त्याची दखल घेत नाही.

---

पाणचक्की | ३० सप्टेंबर, रात्री ८:४५

सर्वांचे आभार. पण माझे कोडे वाढले. मुळाकाठ यांच्या म्हणण्यानुसार बंधाऱ्यांनी खरा सामन घालवला. मग पॅसिफिकचा मासा इथे कुणी आणि का आणला? आणि बंधारा काढायला नक्की विरोध कुणाचा आहे? मला वाटले होते की गिरणीवाल्यांचा असेल.

---

हिरवीगार | १ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

विरोध गिरणीवाल्यांपेक्षा माशांची काळजी करणाऱ्यांमध्येच जास्त सापडेल. मी काही वर्षे ओढ्यांच्या काठी झाडे लावण्याच्या उपक्रमात स्वयंसेवक आहे, त्या अनुषंगाने जे शिकले ते लिहिते. थोडे लांबेल.

आधी पॅसिफिकचे मासे. मोठे शिकारी मासे संपल्यावर पंचमहासरोवरांत अलेवाइफ नावाचा, आपल्या तारलीच्या कुळातला, छोटा मासा बेसुमार वाढला. तो इतका वाढला की १९६० च्या दशकात किनाऱ्यांवर त्याचे मेलेले थर साचत. त्याला खाणारा कुणीतरी हवा आणि गळ टाकणाऱ्यांना खेळ हवा, अशा दुहेरी हेतूने मिशिगन राज्याने १९६६ साली कोहो सामन सोडला. तो प्रयोग कल्पनेबाहेर यशस्वी झाला. त्याच दशकाच्या अखेरीपासून ऑन्टारिओ सरोवराच्या दोन्ही बाजूंनी कोहो आणि मग चिनूक सोडण्यात आले. आज त्यांच्यातले बरेच मासे नदीतच जन्मलेले असतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथले झाले आहेत. स्ट्रीट्सव्हिलजवळ शरद ऋतूत स्वयंसेवक आणि कर्मचारी चिनूकची अंडी गोळा करून उबवण केंद्रात नेतात, ते दृश्य पाणचक्की यांना कधीतरी दिसेल.

आता बंधारा. ऑन्टारिओ सरोवरात सी लॅम्प्री हा वामेसारखा दिसणारा, जबडा नसलेला प्राणी आहे. गोल तोंडातल्या दातांनी तो माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. तो नदीत अंडी घालतो आणि त्याची पिल्ले चिखलात डोळे मिटून अनेक वर्षे काढतात. सामन आणि त्याचा चुलतभाऊ ट्राउट उडी मारतात, लॅम्प्रीला उडी मारता येत नाही. त्यामुळे पाण्याच्या उभ्या पायरीचा बंधारा म्हणजे त्याच्यासाठी भिंत आणि ट्राउटसाठी उंबरठा. पाणचक्की यांनी विचारलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेचे मर्म इथे आहे. उडी मारणाऱ्याला ती वर घेते आणि सरपटणाऱ्याला खाली ठेवते. बंधारा काढला तर लॅम्प्रीला वरच्या अंगाची किती तरी किलोमीटर खडी मोकळी होईल. मग तिथेही आज बंधाऱ्याच्या खाली वापरतात ते टीएफएम हे लॅम्प्रीनाशक रसायन सोडत बसावे लागेल.

आणि तिसरी गोष्ट ब्रुक ट्राउटची. तो खरोखर इथला, हिमयुगानंतर आपणहून आलेला. त्याला विसाच्या आतले तापमान लागते आणि पंचविशीला तो टिकत नाही. म्हणून तो भूस्तर यांच्या थंड झऱ्यांच्या टप्प्यात राहतो. स्ट्रीट्सव्हिल आणि त्याच्या वरचा नॉर्व्हलचा बंधारा, या दोन अडथळ्यांमुळे खालून येणाऱ्या धिप्पाड पाहुण्यांची गर्दी त्याच्या खडीपर्यंत पोहोचत नाही. ज्या बंधाऱ्यांनी एका घरच्या माशाला मारले, तेच आज दुसऱ्या घरच्या माशाची कुंपणे झाले आहेत.

---

मुळाकाठ | १ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

हिरवीगार यांचा मुद्दा वजनदार आहे हे मान्य, पण कुंपणाची ही भाषा मला सोयीची वाटते. वरच्या क्रेडिटमध्ये युरोपातला ब्राउन ट्राउट माणसांनीच सोडला, तो ब्रुक ट्राउटच्या उशालाच राहतो. तेव्हा कुंपणाच्या आत पाहुणा नाही असे नाही. शिवाय २००६ पासून अटलांटिक सामन परत आणण्याचा मोठा कार्यक्रम सुरू आहे, आणि क्रेडिट ही त्यातल्या पहिल्या निवडक प्रवाहांपैकी एक. त्याची पिल्ले वरच्या भागात सोडतात. ती मोठी होऊन परत येतील तेव्हा त्यांना त्याच बंधाऱ्यांवर डोके आपटायला लावायचे का?

---

हिरवीगार | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

आपटू नये म्हणून तर पायऱ्यांची वाट आहे. पण प्रामाणिकपणे लिहायचे तर परत येणाऱ्या अटलांटिक सामनची संख्या फार थोडी आहे, आणि त्याचे मोठे कारण बंधाऱ्यात नसून सरोवराच्या ताटात आहे.

अलेवाइफच्या अंगात थायामिनेज नावाचे विकर असते. ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकते. सामनचा मुख्य आहार अलेवाइफ असला की मादीच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व कमी पडते, पिल्ले अंड्यातून बाहेर येतात, गोल गोल पोहतात आणि मरतात. अटलांटिक सामनला याचा फटका चिनूकपेक्षा जास्त बसतो. त्यात त्याची पिल्ले दोन-तीन वर्षे नदीत काढतात, चिनूकची पिल्ले जन्मल्या वर्षीच उन्हाळा तापण्याआधी सरोवरात निघून जातात. म्हणजे नदीचा प्रत्येक कडक उन्हाळा आणि प्रत्येक पूर अटलांटिक सामनच्या वाट्याला येतो. ज्याला घर जास्त वेळ लागते, त्याचेच हाल जास्त.

---

भूस्तर | २ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

@मुळाकाठ, अटलांटिक सामनबाबत आपण मला दुरुस्त केलेत, ते मान्य करतो. मात्र आपण सर्व बंधाऱ्याभोवतीच फिरत आहोत, आणि मला वाटते या नदीचा पुढचा वाद बंधाऱ्याचा नसेल. तो तापमानाचा आणि मिठाचा असेल.

खालच्या टप्प्यात आपण रस्ते, वाहनतळ आणि छपरे यांनी जमीन झाकून टाकली. जे पाणी पूर्वी मुरून थंड होई ते आता तापलेल्या डांबरावरून थेट ओढ्यात येते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ त्याच वाटेने जाते. जलचरांसाठी दीर्घकाळ सुरक्षित मानलेली मिठातल्या क्लोराइडची पातळी लिटरला १२० मिलिग्रॅम आहे. शहरी ओढ्यांत ती हिवाळ्यात सहज ओलांडली जाते, आणि भूजलात मुरलेले मीठ उन्हाळ्यातही हळूहळू बाहेर येत राहते. माझ्या कार्यालयासमोरच्या वाहनतळावर मागच्या जानेवारीत मिठाचा असा ढीग होता की बुटाखाली कुरकुर वाजे, आणि त्या दिवशी बर्फ अजिबात पडला नव्हता.

वरच्या टप्प्यात एरिन गावाच्या नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी वेस्ट क्रेडिटमध्ये सोडण्यावरून जो विरोध झाला, त्याचेही मूळ हेच आहे. पाणी स्वच्छ असेल हे मानले, तरी ते ब्रुक ट्राउटला हवे तितके थंड असेल का, हा तिथला कळीचा प्रश्न होता.

---

खडीसाखर | २ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

आमच्या सोसायटीत घसरून पडल्याचा दावा कुणी लावू नये म्हणून मीठ ओततात. ट्राउटला वकील करता येत नाही, हा त्याचा दोष.

---

तांबडपट्टी | २ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मी वाचनमात्र होतो, पण सामन-ट्राउटच्या या दरबारात एका गरीब माशाचे नाव कुणीच घेतले नाही, म्हणून लिहितो.

ब्रॅम्प्टनमध्ये आमच्या घरामागून क्रेडिटला मिळणारा फ्लेचर्स क्रीक वाहतो. त्याच्या पाणलोटात रेडसाइड डेस नावाचा मासा नोंदलेला आहे. लांबी जेमतेम बोटभर, अंगावर सोनेरी रेघ आणि तिच्याखाली विणीच्या काळात पेटून उठणारा तांबडा पट्टा. हा पाण्याबाहेर उडी मारून हवेतले किडे पकडतो. त्यासाठी पाणी नितळ लागते, कारण वरचा किडा दिसला पाहिजे, आणि काठावर वाकलेले गवत-झुडूप लागते, कारण किडे तिथे असतात. गढूळ पाणी आणि छाटलेला काठ म्हणजे त्याच्यासाठी रिकामे ताट. कॅनडातली त्याची बहुतेक वस्ती टोरोंटोच्या आसपासच्या ओढ्यांत आहे, म्हणजे नेमकी जिथे आपण सगळे घरे घेतो तिथे. तो संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे.

सात वर्षांत मला तो एकदाही दिसलेला नाही. मात्र त्याच्यामुळे एक झाले. घरामागचे गवत कापायला मी आता ओढ्यापासून चार पावले अलीकडेच थांबतो, आणि त्यावरून सौ. मला आळशी म्हणते.

---

वलगण | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

@तांबडपट्टी, सौ. ना हा धागा वाचायला द्या.

पाणचक्की, तुमच्या मूळ प्रश्नाचा निकाल काय लागला?

---

पाणचक्की | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, क्षमस्व. निकाल वाचून लागेना, म्हणून हिरवीगार यांना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले की इथला मासा पाहायचा तर कुठे आणि केव्हा जावे. त्यांनी कळवले की ब्रुक ट्राउटची वीण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, वेस्ट क्रेडिटच्या बाजूला जा, पाण्यात उतरू नका, आणि नेमकी जागा जाहीर लिहू नका. म्हणून जागा लिहीत नाही.

काल सकाळी गेलो. तापमान दोन अंश होते, बोटे आखडली होती. ओढा इतका अरुंद की मुलगा एका ढांगेत ओलांडू शकला असता. पाऊण तास काही दिसले नाही. मग मुलगाच म्हणाला की तिथली खडी वेगळी दिसते. तपकिरी शेवाळलेल्या तळात जेवणाच्या ताटाएवढी एक जागा घासून लख्ख केलेली होती आणि तिच्यावर दोन मासे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे होते. वीतभर असतील. पोट केशरी, पाठीवर किड्यांनी पान कोरावे तशी फिकट नक्षी आणि खालच्या परांना उपरण्याच्या काठासारखी पांढरी शुभ्र किनार. मादी मध्येच कुशीवर वळे, शेपटीने चार-पाच फटके मारी, थोडी वाळू उठून वाहून जाई आणि ती पुन्हा जागेवर येई. बंधाऱ्यावरच्या धडपडीनंतर हे सगळे इतके बिनआवाजी होते की आम्हीही कुजबुजत बोलत होतो.

परतताना स्ट्रीट्सव्हिलला थांबलो. बंधाऱ्याखाली चिनूकचे सांगाडे आणि त्यांवर समुद्रपक्षी. मुलाने एकाचे तोंड काठीने उघडून हिरड्या पाहिल्या, काळ्याच होत्या.

बंधारा काढावा असे मी सप्टेंबरमध्ये म्हणालो होतो. आज विचाराल तर म्हणेन, राहू द्यावा, निदान लॅम्प्रीवर दुसरा उपाय मिळेपर्यंत. मुळाकाठ यांनी रागावू नये.

---

मुळाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

रागावलो नाही. मत बदललेले नाही. फोटो कुठे आहेत?

---

पाणचक्की | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

काढले होते. सगळ्यांत आकाशातले ढग आले आहेत आणि एकात माझे नाक.

---

हिरवीगार | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ढगच येतात. पोलराइज्ड चष्मा फोनच्या भिंगापुढे धरून पाहा, पाण्यावरची चकाकी जाते. आणि कुत्रा घेऊन त्या बाजूला जाणाऱ्या सर्वांना विनंती, की आतापासून एप्रिलपर्यंत ओढ्यातल्या लख्ख खडीवर पाय पडू देऊ नका. अंडी तिच्याखाली आहेत.